विश्वस्तांनो, ऑडिटर तुम्ही नेमा

मदतकार्य करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या सर्व विश्वस्त मंडळांना,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटाकडे एक विषय असतो : 'पुढील वर्षासाठी लेखापरीक्षकांची नेमणूक करणे व त्यांचे मानधन ठरवणे.' तोवर सभेला तीन तास झालेले असतात. कुणाला गाडी गाठायची असते, कुणी कागद आवरायला घेतलेले असतात. अध्यक्ष विचारतात, 'तेच ठेवायचे ना?' माना हलतात आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' एवढे दोन शब्द पडतात. मी २२ वर्षे वेगवेगळ्या मदत संस्थांच्या हिशेब विभागात काम केले. हे दोन शब्द मी स्वतःच्या हाताने कितीतरी वेळा लिहिले आहेत. या विषयावर मिनिटभराहून जास्त चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

'तेच' म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी संचालकांच्या ओळखीतून आलेली आणि हिशेब विभागाच्या सवयीची झालेली एखादी फर्म. तिच्याशी पत्रव्यवहार संचालक करतात, फी संचालक ठरवतात, कोणते कागद कधी पुढे करायचे हे माझ्यासारखी हिशेबनीस ठरवते आणि अहवालाचा मसुदाही आधी आमच्याच टेबलावर येतो. म्हणजे ज्यांचे काम तपासायचे, तेच तपासणारा निवडतात, त्याला पैसे देतात आणि तो काय लिहितो ते सगळ्यांच्या आधी वाचतात. यासाठी कुणाची नियत वाईट असावी लागत नाही. नियत चांगली असली तरी ही मांडणी चुकीचीच आहे. बाहेरचा स्वतंत्र ऑडिटर शोधणे, निवडणे आणि त्याचे ऐकणे हे तुमचे काम आहे. ते आमच्या हातातून काढून घ्या, एवढेच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

हे मी का म्हणते, त्यामागे एक पान आहे.

एका मोठ्या पुरानंतर आमच्या संस्थेने तीन महिने मदतवाटप केले. ताडपत्र्या, ब्लँकेटे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. प्रत्येक गावाची वाटप यादी असायची : कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातली माणसे, काय दिले, आणि शेवटच्या रकान्यात सही किंवा अंगठा. वर्षअखेरीला ऑडिट फर्मची दोन मुले आमच्या कार्यालयात चार दिवस बसली. त्यांनी वाटप याद्यांची बेरीज केली, ती स्टॉक रजिस्टरच्या 'दिले' या रकान्याशी ताडली आणि रजिस्टर खरेदीच्या बिलांशी ताडले. सगळे जुळले. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल पेनाची बरोबरची खूण झाली आणि अहवाल स्वच्छ आला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी आमचे स्टोअरकीपर एक फाइल घेऊन माझ्या खोलीत आले आणि आधी त्यांनी दार लोटून घेतले. पान उघडून म्हणाले, 'मॅडम, हे अंगठे बघा.' जांभळ्या शाईचा अंगठा होता. त्यावर आडवी, तिरकी, पांढरी रेघ होती, जुन्या जखमेच्या व्रणाची असते तशी. खालच्या ओळीतल्या अंगठ्यावरही तीच रेघ. त्याच्या खाली तीच. अख्खे पान एका माणसाने एका बैठकीत भरले होते, आणि त्या पानाच्या तळाशी लाल खूण होती.

मी त्या गावात गेले. यादीतली नावे खरी होती, माणसेही खरी होती. त्यातल्या एका बाईंना मी विचारले, 'ताडपत्री मिळाली होती ना?' त्या म्हणाल्या, 'कुठली?'

त्या दोन मुलांना मी दोष देत नाही. त्यांना सांगितलेले काम त्यांनी नीट केले होते. नेमणूक पत्रात कामाचे वर्णन एका ओळीत होते, 'वार्षिक हिशेबांची तपासणी', आणि ते पत्र मी टाइप केले होते. आधीच्या वर्षीच्या पत्रात क्षेत्रभेटीसाठी दोन दिवस धरलेले होते. खर्च वाचावा म्हणून ते दिवस मीच कापले. संचालकांनी सही केली. विश्वस्त मंडळाने ते पत्र पाहिलेच नव्हते, कारण ते त्यांच्यासमोर ठेवायची पद्धतच नव्हती. यात प्रत्येक जण आपापल्या जागी प्रामाणिक होता, अंगठे उठवणारा एक माणूस सोडून, आणि तरीही त्या गावाची मदत त्या गावाला मिळाली नाही.

मदतकार्यात असे घडणे सोपे का असते, याचा तुम्ही एकदा शांतपणे विचार करावा. पैसे देऊन वस्तू घेणारा माणूस माप कमी भरले तर तिथल्या तिथे भांडतो. मदतकार्यात पैसे देणारा एक असतो आणि वस्तू घेणारा दुसराच. देणगीदाराला ताडपत्री दिसत नाही, आणि जिच्या नावावर ताडपत्री लिहिलेली असते तिला ती आपल्या नावावर लिहिली आहे हेच ठाऊक नसते. भांडायला कुणी उरत नाही. त्यात आपत्तीचे दिवस. माल आज हवा असतो, म्हणून तीन दरपत्रकांऐवजी एकावर भागवले जाते. बँका बंद असतात, म्हणून रोख बाळगावी लागते. नवी माणसे आठवड्यात भरती होतात. काम स्थानिक भागीदार संस्थेमार्फत होते आणि तिचे हिशेब कुणी उघडून बघत नाही. घाई खरी असते, तिची गरजही खरी असते, आणि तिच्याच आडोशाने पैसा झिरपतो.

हे फक्त छोट्या, अननुभवी संस्थांचे दुखणे नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाची साथ होती. त्या मदतकार्यात गैरव्यवहार झाल्याचे रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१७ मध्ये स्वतःहून जाहीर केले. महासंघाच्या त्या वेळच्या अंदाजानुसार सिएरा लिओनमध्ये तेव्हाचे काही कर्मचारी आणि एका बँकेतले काही लोक यांच्या संगनमताने २१ लाख डॉलरहून जास्त रक्कम गेली. लायबेरियात मदतसामग्रीच्या वाढवलेल्या किमती आणि पगार-भत्त्यांतले फेरफार यांत सुमारे २७ लाख, आणि गिनीमध्ये कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या फुगवलेल्या व खोट्या बिलांत सुमारे १० लाख. ही नावे मी कुणाला कमी लेखायला घेत नाही. उलट, त्यांनी हे दडपले नाही आणि पुढे तातडीच्या पथकांबरोबर प्रशिक्षित ऑडिटर पाठवायचे, जोखमीच्या ठिकाणी रोख खर्चाला मर्यादा घालायची, असे ठरवले, याबद्दल मला आदर आहे. तिन्ही ठिकाणी पैसा कुठून गेला तेवढे बघा : बँक, खरेदी, पगारपत्रक, मालवाहतूक. तुमच्या संस्थेतही नेमक्या याच चार जागा असतील.

आता एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही ऑडिटरकडून भलतीच अपेक्षा धराल. बाहेरचा ऑडिटर हा गुप्तहेर नसतो. आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकांनुसार तो 'वाजवी खात्री' देतो, संपूर्ण खात्री देत नाही. तो सगळी व्हाउचरे बघत नाही, नमुने बघतो. केवढी चूक मोठी धरायची याची एक रेषा तो सुरुवातीलाच आखून घेतो. गैरव्यवहार रोखण्याची आणि शोधण्याची पहिली जबाबदारी संस्थेच्या व्यवस्थापनाची आणि मंडळाची आहे, असे मानक क्रमांक २४० मध्ये स्वच्छ म्हटले आहे. गैरव्यवहार तपासणाऱ्या व्यावसायिकांची एक जागतिक संघटना दर दोन वर्षांनी अहवाल काढते. तिच्या २०२४ च्या अहवालात, अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के कुणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडकीला आली होती, आणि बाहेरच्या ऑडिटमुळे फक्त ३ टक्के.

हा आकडा सांगून एका विश्वस्तांनी मला विचारले होते, मग एवढा खर्च कशाला? मी तो आकडा वेगळा वाचते. आमचे स्टोअरकीपर हीच ती खबर होती. ऑडिटची मुले चार दिवस त्याच इमारतीत बसली होती आणि स्टोअरकीपर रोज त्यांच्यासमोरून ये-जा करत होते. आपण त्यांच्याशी बोलू शकतो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि कुणाशी बोलायचे असते हे त्या मुलांनाही कुणी सांगितले नव्हते. चांगला ऑडिटर आला की हिशेब वेळेवर लिहिले जातात, गोदामाची किल्ली कुणाकडे आहे याची नोंद राहते, एकाच माणसाने बिल मंजूरही करायचे आणि चेकही लिहायचा हा प्रकार थांबतो. नुसत्या अहवालापेक्षा मला त्याचे हे वर्षभर पुरणारे येणे जास्त मोलाचे वाटते. पण त्यासाठी तो खरोखर स्वतंत्र हवा.

स्वतंत्र म्हणजे नातेवाईक नसलेला, एवढाच अर्थ आपण धरतो. लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत स्वातंत्र्याला असलेले पाच धोके सांगितले आहेत : स्वार्थ, स्वतःचेच काम स्वतः तपासणे, अशिलाची वकिली, जवळीक आणि दडपण. मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक संस्थेत यांपैकी दोन तरी धोके कुणाच्या लक्षात न येता नांदत होते. सगळ्यांत जास्त दिसणारा म्हणजे स्वतःचेच काम तपासण्याचा. छोट्या संस्थेत ताळेबंद मांडता येणारे कुणी नसते. मग ऑडिट फर्मचाच माणूस येऊन वर्षाचे हिशेब लिहून देतो, आणि नंतर तीच फर्म 'हे हिशेब योग्य चित्र दाखवतात' असे लिहून सही करते. स्वतःच लिहिलेल्या उत्तराला स्वतःच गुण देण्यासारखे आहे हे. हिशेब लिहायला वेगळा माणूस घ्या, अर्धवेळ घ्या, पण तपासायला दुसरा घ्या.

दुसरा धोका जवळिकीचा. आपल्या भाषेत याला साधा शब्द आहे : भीड. एकच ऑडिटर १५ वर्षे येतो, मुलांच्या लग्नांची आमंत्रणे दोन्हीकडून जातात, आणि मग 'हे बिल जरा पुन्हा दाखवा' म्हणणे त्याला जड जाते. भीड भिकेची बहीण, म्हणतात ते इथे अक्षरशः खरे ठरते. युरोपीय संघाने २०१६ पासून सार्वजनिक हिताच्या कंपन्यांना, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, बँका, विमा कंपन्या यांना, साधारण दहा वर्षांनी ऑडिट फर्म बदलणे बंधनकारक केले. आचारसंहितेनुसार अशा कंपन्यांच्या ऑडिटचा प्रमुख भागीदार सात वर्षांनंतर बाजूला होतो. तुमच्या संस्थेला हे नियम बहुधा लागू नसतील. पण भागधारकांच्या पैशासाठी जग एवढी काळजी घेत असेल, तर ज्यांना तक्रार करायची सोय नाही त्यांच्या पैशासाठी तुम्ही तेवढी तरी घ्या. सहा-सात वर्षांची मुदत ठरवून टाका आणि ती नियमावलीत लिहा, म्हणजे बदलताना कुणाला वाईट वाटायला नको.

आणि फुकटचे ऑडिट. हे बोलायला मला अवघड जाते, कारण देणाऱ्याचा हेतू नेहमी चांगला असतो. एखाद्या विश्वस्तांचे स्नेही म्हणतात, 'समाजाचे काम आहे, मी फी घेणार नाही.' संस्था हात जोडते. पण फुकट काम करणाऱ्याला 'तुम्ही गोदामात का गेला नाहीत?' असे कुणी विचारत नाही. तो एका दुपारी येतो, सह्या करतो, आभार मानून आपण त्याला निरोप देतो. त्यांच्या सद्भावनेचा उपयोग करून घ्यायचाच असेल, तर हिशेब विभागाला शिकवायला त्यांना बोलवा. सही मात्र रीतसर फी घेणाऱ्याची असू द्या. उलट बाजूही तपासा : एखाद्या छोट्या फर्मचे बरेचसे उत्पन्न तुमच्याच संस्थेवर चालत असेल, तर ती तुम्हाला दुखवायला धजणार नाही. आचारसंहितेत सार्वजनिक हिताच्या कंपन्या सोडून इतर अशिलांसाठी, एकाच अशिलाकडून सलग पाच वर्षे एकूण फीच्या ३० टक्क्यांहून जास्त रक्कम येणे ही धोक्याची खूण मानली आहे. निवडीच्या वेळी हा प्रश्न थेट विचारा. चांगली फर्म त्याने दुखावत नाही.

मोठ्या संस्थांचे विश्वस्त इथे म्हणतील, 'आमच्याकडे तर वर्षभर ऑडिटच चालू असते.' खरे आहे. प्रत्येक देणगीदार आपापल्या प्रकल्पाचा ऑडिटर पाठवतो, वर्षात सहा-सहा वेळा टेबले रिकामी करून द्यावी लागतात. पण त्यातला प्रत्येक जण आपल्याच प्रकल्पाची फाइल बघतो. मी एकदा जीपच्या डिझेलचे एकच बिल दोन फायलींत पाहिले आहे, एकीत मूळ प्रत आणि दुसरीत झेरॉक्स. दोन देणगीदारांनी त्याचे पूर्ण पैसे दिले होते आणि दोघांच्याही ऑडिटरांच्या दृष्टीने हिशेब बिनचूक होता. एकाच वेळी दोन्ही फायली उघडणारे कुणी नव्हते. अमेरिकेने हा प्रश्न १९८४ मध्ये सिंगल ऑडिटचा कायदा करून सोडवायचा प्रयत्न केला : अनुदानागणिक वेगळी तपासणी करण्याऐवजी पूर्ण संस्थेचे एक ऑडिट. आता तिथे वर्षाला १० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त संघीय निधी खर्च करणाऱ्या संस्थांना ते करावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी ही मर्यादा साडेसात लाख होती. तुम्ही कुठेही असा, सगळ्या निधींचा हिशेब एकत्र उघडणारा आणि मंडळाला उत्तर देणारा एक ऑडिटर तुमच्याकडे हवाच. देणगीदारांचे ऑडिटर देणगीदारांचे असतात.

मग नेमणूक करायची कशी? मंडळातल्या तीन जणांची ऑडिट समिती करा. चेकवर सही करणारे कुणी तिच्यात नको, आणि ताळेबंद वाचता येणारी एक व्यक्ती तरी हवी. मंडळात तशी व्यक्ती नसेल तर बाहेरची घ्या. संचालक आणि हिशेब विभागाने समितीला माहिती पुरवावी, मत देऊ नये. किमान तीन फर्मकडून प्रस्ताव मागवा आणि फीचा लिफाफा शेवटी उघडा. आधी उघडला की पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मुलाखतीला फर्मच्या मोठ्या भागीदारांबरोबर प्रत्यक्ष फायली उघडणारा माणूसही बोलवा. त्याला विचारा, 'आमच्या गोदामात गेलात तर काय कराल?' मला एकदा मिळालेले सगळ्यांत चांगले उत्तर एका तरुण ऑडिटरचे होते. ती म्हणाली, 'आधी रजिस्टरमधल्या दहा नोंदी घेऊन माल शोधीन. मग फरशीवरचा दहा प्रकारचा माल घेऊन तो रजिस्टरमध्ये शोधीन.' पहिल्याने नसलेला माल कळतो, दुसऱ्याने न लिहिलेला. औषधांच्या मुदतीच्या तारखाही बघीन, असे तिने आपणहून सांगितले. तिची फर्म सगळ्यांत स्वस्त नव्हती. समितीने तिलाच घेतले. पहिल्याच वर्षी तिने खरेदीच्या फाइलमधली तीन दरपत्रके आमच्यासमोर शेजारी शेजारी मांडली. तीन वेगवेगळ्या दुकानांची, आणि तिन्हींत 'ताडपत्री' हा शब्द एकाच चुकीने लिहिलेला.

पण खरी मेहनत घ्यायची ती कार्यकक्षेवर, म्हणजे ऑडिटरने काय काय तपासायचे याच्या नेमणूक पत्रातल्या वर्णनावर. माझी ती एका ओळीची चूक तुमच्याकडून होऊ नये असे मला मनापासून वाटते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार काम होईल हे तिच्यात लिहा. बँकेतल्या शिलकेची खात्री ऑडिटर थेट बँकेकडून करील, आमच्या हातून आलेल्या कागदावर विसंबणार नाही. साठ्याची मोजणी तो स्वतः हजर राहून बघेल. विशिष्ट कामासाठी आलेला निधी त्याच कामावर गेला का आणि एकच खर्च दोन ठिकाणी लागला का, हे तो पाहील. भागीदार संस्थांचे हिशेब बघण्याचा अधिकार त्याला असेल आणि तसे कलम भागीदारांबरोबरच्या करारातही असेल. क्षेत्रभेटीचे दिवस आकड्यात लिहा, आणि कुठल्या गावी जायचे हे तो निवडेल, संस्था नाही, हेही लिहा. वाटप यादीतली नावे तो स्वतः काढेल आणि त्या माणसांना भेटेल. रोख रक्कम फोनवरून खात्यात पाठवली असेल तर तो ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदी बघेल, आमची एक्सेल शीट नाही.

इथे एक गोष्ट जपायला हवी. युद्धातून, छळातून पळून आलेल्या माणसांच्या याद्या चुकीच्या हाती पडल्या तर जिवावर बेततात. अशा याद्या ऑडिटरने जागेवर बघाव्यात, प्रत नेऊ नये, आणि त्याचा दुभाषा संस्थेचा किंवा तिथल्या कुठल्याही गटाचा माणूस नसावा. लढाईमुळे एखाद्या भागात जाताच येत नसेल तर तसे अहवालात लिहावे. 'इथवर आम्ही पोचू शकलो नाही' हे वाक्य अहवालात असणे मला न गेलेल्या जागेबद्दलच्या शांततेपेक्षा कितीतरी पसंत आहे.

खर्चाचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः तो घेऊनच ते दोन दिवस कापले होते. 'या पैशात आणखी ब्लँकेटे आली असती.' आली असती. पण ती कुणाच्या अंगावर गेली हे तुम्हाला कळले नसते. बहुतेक मोठे देणगीदार ऑडिटचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरू देतात. तो प्रस्ताव लिहितानाच धरा, वर्षअखेरीला शोधत बसू नका. संस्था अगदी लहान असेल आणि कायद्याने पूर्ण ऑडिट सक्तीचे नसेल, तर मर्यादित तपासणी किंवा आधी ठरवून घेतलेल्या ठरावीक बाबींची तपासणी हे कमी खर्चाचे मार्गही आंतरराष्ट्रीय मानकांत आहेत. ते घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त त्याला वार्षिक अहवालात 'ऑडिट' म्हणू नका. देणगीदार त्या शब्दावर विश्वास ठेवतो.

अहवाल आल्यावर तुमचे काम संपत नाही. ऑडिटरला मंडळासमोर बोलवा आणि अर्धा तास आम्हा सगळ्या नोकरदारांना बाहेर पाठवा, संचालकांनाही. दार बंद झाल्यावर त्याला विचारा : तुम्हाला कुठला कागद मिळाला नाही? कुणी टाळाटाळ केली? कर्मचाऱ्यांपैकी कुणी तुमच्याशी एकट्याने बोलले का? आम्ही बाहेर बसू, आम्हाला त्यात अपमान वाटणार नाही. अंतर्गत नियंत्रणातल्या उणिवांचे पत्र, ज्याला सगळे मॅनेजमेंट लेटर म्हणतात, ते थेट तुमच्याकडे आले पाहिजे. त्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे कोण करणार आणि कधीपर्यंत हे लिहून पुढच्या प्रत्येक बैठकीत ते पान उघडा. मी अशी पत्रे पाहिली आहेत ज्यांत ओळीने पाच वर्षे तेच सहा मुद्दे होते, फक्त तारीख बदललेली.

आणि ऑडिटरने शेरा मारला म्हणून त्याला काढू नका. अहवालात आक्षेप असणे म्हणजे संस्थेची अब्रू गेली असे मानायची आपल्याकडे रीत आहे. एखाद्या भागीदाराच्या हिशेबाला पुरेसा पुरावा मिळाला नाही, म्हणून तेवढ्यापुरता आक्षेप नोंदवला, तर तो देणगीदाराला समजतो आणि पुढच्या वर्षी दुरुस्तही होतो. संपूर्ण हिशेबच चुकीचे आहेत असे मत, किंवा मत देण्यास नकार, ही वेगळी आणि गंभीर गोष्ट. हा फरक मंडळातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे. आक्षेप आल्यानंतर फर्म बदलायचा ठराव कुणी मांडला, तर त्याला आधी कारण लेखी द्यायला सांगा. आणि नव्या फर्मने जुन्या ऑडिटरशी बोलून मगच काम स्वीकारावे, असा आग्रह धरा. जबाबदार फर्म तसे करतातच.

आमच्या त्या स्टोअरकीपरांची पुढे दुसऱ्या केंद्रावर बदली झाली. मंडळाला ते पान दिसले ते त्यानंतर दोन वर्षांनी, एका देणगीदाराच्या चौकशीत. त्या गावाला ताडपत्र्या अखेर मिळाल्या, पण तोवर आणखी दोन पावसाळे होऊन गेले होते.

तुमच्या पुढच्या सभेची विषयपत्रिका थोड्याच दिवसांत निघेल. लेखापरीक्षकांचा विषय वरून दुसरा घ्या. तो आला की चालू नेमणूक पत्र मागवा आणि कुणाला तरी ते मोठ्याने वाचायला सांगा. क्षेत्रभेटीचे दिवस किती आहेत, हे सध्याचे ऑडिटर किती वर्षे आहेत आणि त्यांचे नाव मुळात कुणी सुचवले होते, एवढे विचारा. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. मंजुरी त्यानंतर.

आपली नम्र,
मदत संस्थांच्या हिशेब विभागात २२ वर्षे काम केलेली एक कर्मचारी